कॉलेजची वर्षं आणि तब्येत: गोळी मागण्याआधी आपला दिवस तपासा

"मॅडम, ॲसिडिटी फार होते. डोकं दुखतं, केस गळतात, अभ्यासात लक्षच लागत नाही. एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या ना."

पुण्यात माझा दवाखाना ज्या गल्लीत आहे, तिथे निम्म्या इमारतींमधल्या खोल्या कॉट बेसिसवर दिलेल्या आहेत. बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं-मुली एकेका खोलीत तिघं-चौघं मिळून राहतात. पावसाळ्यात ॲडमिशन होतात आणि गणपती संपले की वरचं वाक्य थोड्याफार फरकाने मला रोज ऐकू यायला लागतं. तक्रारी चार आणि मागणी एकाच गोळीची.

हा लेख या विद्यार्थ्यांसाठी आहे. तुम्ही घरी राहून शिकत असाल तरी यातलं बरंच तुम्हाला लागू पडेल.

माझ्याकडून झालेली एक चूक

आधी एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा दोन महिन्यांत तीनदा ॲसिडिटी म्हणून आला. तिन्ही वेळा मी पोट तपासलं, ॲसिड कमी करणारी गोळी लिहून दिली आणि तिखट-तेलकट कमी कर म्हणून सांगितलं. चौथ्यांदा आला तेव्हा तो शेवटचा पेशंट होता आणि बाहेर पाऊस कोसळत होता. निघायची घाई नव्हती म्हणून मी विचारलं, "काल दिवसभर काय काय केलंस? सकाळपासून सांग."

"सकाळ नव्हतीच, मॅडम," तो म्हणाला.

पहाटे साडेचारला झोपला होता, दुपारी उठला तेव्हा अडीच वाजून गेले होते. मेस बंद झाली होती, म्हणून टपरीवर चहा आणि क्रीमरोल. रात्री मॅगी. मध्ये चार-पाच चहा. कॉलेजला तो दीड महिना गेलाच नव्हता. दोन विषय राहिले होते आणि घरी सांगितलं नव्हतं. वडील महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवत होते आणि हा फोनवर "सबमिशन चालू आहेत" एवढंच सांगत होता. जगूच नये असं कधी मनात येतं का, असं मी सरळ विचारलं. त्याने खाली बघत मान हलवली.

त्याला डिप्रेशन होतं, म्हणजे नैराश्याचा आजार. पोटातली जळजळ खोटी नव्हती, पण ती सगळ्यात शेवटी आलेली गोष्ट होती. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्याच्या परवानगीने वडिलांना बोलावून घेतलं. वर्ष गेलं, पण मुलगा सावरला. तरीही तीन वेळा तो माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून गेला आणि मी त्याच्या पोटापलीकडे पाहिलं नाही, हे मला अजून टोचतं. तेव्हापासून कुठलाही विद्यार्थी आला की मी तोच प्रश्न विचारते: काल दिवसभर काय केलं?

सगळ्यांना डिप्रेशन नसतं, हेही लगेच सांगते. बहुतेकांचं उत्तर ऐकलं की लक्षात येतं ते एवढंच, की त्यांच्या दिवसाची घडी विस्कटलेली आहे. घरी असताना ती घडी दुसरं कुणीतरी बसवत होतं. आई हाका मारून उठवत होती, ताट वेळेवर समोर येत होतं, रात्री अकरानंतर दिवा चालू दिसला की बाबा ओरडत होते. अठराव्या वर्षी ही सगळी व्यवस्था एका दिवसात संपते आणि तिच्या जागी काय आणायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. झोप, जेवण, हालचाल आणि माणसं ही चार खाती वेगवेगळी वाटतात, पण एकातली गडबड दुसऱ्यात उतरते. म्हणून चार तक्रारींसाठी चार गोळ्या देऊन फार उपयोग होत नाही.

सुरुवात झोपेपासून

कुठून सुरुवात करायची असं विचाराल, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: उठण्याच्या वेळेपासून.

आधी तुमच्या बाजूने एक गोष्ट सांगते. अठरा ते बावीस या वयात शरीराचं घड्याळ खरोखरच थोडं पुढे सरकलेलं असतं. मेंदूतून झोपेचा इशारा देणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक या वयात मोठ्या माणसांपेक्षा उशिरा वाढायला लागतं. त्यामुळे रात्री दहाला झोप येत नाही, यात आळशीपणा किंवा बेशिस्त नाही. पण नैसर्गिकरीत्या जो तास-दीड तास पुढे गेलेला असतो, तो आपण मोबाईल, चहा आणि रूमवरच्या गप्पांनी आणखी चार तास पुढे ढकलतो. मग पुढची मालिका सुरू होते. चारला झोप, अकराला जाग, नाश्ता नाही. रिकाम्या पोटी दोन चहा. पहिलं खरं जेवण दुपारी दोनला, भूक अनावर झाल्यामुळे भराभर आणि जास्त. रात्रीचं जेवण साडेदहा-अकराला आणि त्यावर लगेच आडवं पडणं. ॲसिडिटी व्हायला आणखी काय लागतं?

या वयात सात ते नऊ तास झोप लागते. त्यातही महत्त्वाचं हे, की दिवसभरात वाचलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचलेलं पेपरात आठवत नाही, त्याचं एक कारण हेच. रात्रभर जागून चार युनिट संपवण्यापेक्षा अडीच युनिट वाचून पाच-सहा तास झोपलेला विद्यार्थी पेपरात बहुधा बरा ठरतो. हे मी माझ्या एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात फार्माकॉलॉजीच्या पेपरला स्वतः अनुभवलं आहे. औषधांची नावं रात्री तोंडपाठ होती, सकाळी फक्त त्यांची पहिली अक्षरं आठवत होती.

बहुतेक जण "आजपासून अकराला झोपायचं" असं ठरवतात आणि अंथरुणात तळमळत पडतात. झोप हुकमाने येत नाही. उठणं मात्र आपल्या हातात असतं. म्हणून उठण्याची एक वेळ ठरवा, समजा साडेसात, आणि रात्री कितीही वाजता झोपलात तरी त्याच वेळेला उठा. रविवारीसुद्धा, फार तर तासाभराची सूट. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत खोलीबाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं उजेडात राहा; गच्ची, गॅलरी, रस्ता, काहीही चालेल. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ मागे येतं आणि त्या रात्री झोप थोडी लवकर लागते. पहिले चार-पाच दिवस डोळे चुरचुरतील. दुपारी फारच पेंग आली तर वीस मिनिटं झोपा, गजर लावून. साधारण दोन आठवड्यांत रात्रीची झोप आपोआप अलीकडे येते. तुम्ही सध्या चारला झोपत असाल तर एकदम साडेसातवर उडी मारू नका, उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा.

चहाबद्दल एवढंच, की त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री नऊच्या चहातलं अर्धं कॅफिन पहाटे दोनलाही तुमच्यासोबत जागं असतं. संध्याकाळी पाचनंतरचा चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक बंद करून बघा. टपरीवर जाणं बंद करू नका, तिथे माणसं भेटतात. तिथे लिंबू सरबत घ्या.

रूम पार्टनर दिवा लावून बसतो ही अडचण खरी आहे. त्यावर डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे हा स्वस्त उपाय आहे, पण त्याआधी बोलून बघा. महिन्याच्या भाड्याचा हिशेब जसा चौघं मिळून करता, तसा बारानंतर मोठा दिवा बंद, ज्याला वाचायचं त्याने टेबल लॅम्प, एवढं ठरवता येतं.

आणि एक इशारा: परीक्षेत जागं राहण्यासाठी मित्राकडून मिळणाऱ्या गोळ्या, किंवा झोप येत नाही म्हणून कुणाच्या तरी आजोबांच्या स्ट्रिपमधली झोपेची गोळी, दोन्ही नकोत. एकीने छातीत धडधड आणि घबराट वाढते, दुसरीची सवय लागते.

मेसचं ताट आणि त्यातलं राहून गेलेलं

"बाहेरचं खाऊ नका, सॅलड खा, सुकामेवा खा" असं सांगणारे लेख तुम्ही वाचले असतील. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत मेस लावणाऱ्या मुलाला बदाम-अक्रोड सांगण्यात मला अर्थ दिसत नाही. मेसचं ताट तसं वाईट नसतं. चार पोळ्या, पातळ वरण, बटाट्याची किंवा कोबीची भाजी, भात. त्यात पोट भरण्याची सोय पुरेशी असते. कमी पडतात त्या दोन गोष्टी, प्रथिनं आणि लोह.

प्रथिनांचा ढोबळ हिशेब असा. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या मुलाला रोज सुमारे ५० ग्रॅम. मेसच्या एका जेवणातून, वरण पातळ असेल तर, अठरा-वीस ग्रॅम मिळतात. दोन्ही वेळा जेवलात तरी दहा-बारा ग्रॅम कमी पडतात. प्रत्यक्षात एक वेळ बुडालेली असते, आणि रविवारी दुपारी फीस्ट झाली की संध्याकाळी मेस बंदच. ही तूट भरून काढणं अवघड नाही. दोन उकडलेल्या अंड्यांत बारा ग्रॅम, एक पेला दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, मूठभर फुटाण्यांत सहा. खोलीवर फुटाणे-शेंगदाण्यांचा डबा भरून ठेवा. मेसमध्ये ज्या दिवशी मटकीची, चवळीची उसळ असते त्या दिवशी ती दुसऱ्यांदा मागून घ्या, लाजू नका. घरून येणारा फराळ पहिल्या दोन दिवसांत सगळा रूम मिळून संपवता हे मला माहीत आहे. तरी पुढच्या वेळी चकलीबरोबर शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले पोहे मागवा.

जिमला जाणारी मुलं पावडरबद्दल विचारतात. वरच्या हिशेबात तूट भरली तर पावडरची गरज नसते. घेतलीच तर चांगल्या दुकानातून, बिल आणि सील बघून घ्या. जिममधला कुणी "लवकर बॉडी बनेल" म्हणून इंजेक्शन किंवा सुटी गोळी देत असेल तर ती घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असू शकतं. लिव्हर, हृदय आणि पुढे बाप बनण्याची क्षमता, तिन्हींवर त्याचा परिणाम होतो.

लोहाची गोष्ट मुलींसाठी जास्त महत्त्वाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे तुमच्या वर्गातल्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणींचं हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणी "मला थोडं चाललं तरी दम लागतो, माझा स्टॅमिनाच कमी" असं म्हणत दिवस काढत असतात. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ पेक्षा आणि पुरुषांमध्ये १३ पेक्षा कमी म्हणजे ॲनिमिया. ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यातही होते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून मध्ये तासाभराचं अंतर ठेवा. ताटातली लिंबाची फोड मात्र पिळा, तिने शोषण वाढतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहा-दुधाबरोबर घेऊ नका. शौचाला काळं होईल, त्याने घाबरू नका. हिमोग्लोबिन नॉर्मल आलं की गोळ्या थांबवण्याची चूक बहुतेक सगळ्या जणी करतात; शरीरातला साठा भरायला त्यानंतर आणखी साधारण तीन महिने लागतात.

पूर्ण शाकाहारी असाल, तोंड सारखं येत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, थकवा जातच नसेल, तर बी-१२ तपासून घ्या. हे जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतूनच मिळतं. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळतं, आणि खोलीवर राहणाऱ्यांचं नेमकं तेच सुटलेलं असतं. टॉनिकच्या बाटल्यांवर बी-१२ लिहिलेलं असतं खरं, पण कमतरता असेल तर ठरावीक मात्रा ठरावीक दिवस घ्यावी लागते. चमचाभर गोड औषधाने ती भरत नाही.

मुली पाणी का पीत नाहीत

हा मुद्दा आरोग्याच्या लेखांत फारसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. लघवीची जळजळ किंवा दुपारची डोकेदुखी घेऊन येणाऱ्या मुलीला मी विचारते, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच किती पाणी पितेस? बऱ्याचदा उत्तर येतं, "पीतच नाही, कॉलेजचं टॉयलेट घाण असतं." सात-आठ तास लघवी अडवून धरणं आणि पाणी न पिणं यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, आणि एकदा झाला की पुन्हा पुन्हा होतो. आठ तासांत निदान दोनदा जाऊन या. बसताना किळस वाटत असेल तर कागदी सीट कव्हर किंवा उभ्याने वापरायचं कागदी फनेल मेडिकलमध्ये मिळतं. पण हा प्रश्न एकटीने सोडवायचा नाही. वर्गातल्या दहा जणींनी मिळून सही करून प्राचार्यांना अर्ज द्या. स्वच्छ स्वच्छतागृह मागणं ही तब्येतीचीच मागणी आहे.

जळजळीबरोबर थंडी वाजून ताप किंवा कमरेच्या वर पाठीत दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मैत्रिणीला दिलेली अँटिबायोटिक्सची उरलेली पाकिटं वापरू नका.

पाळी लांबली की ताण, जागरण आणि वजनातले बदल ही कारणं असू शकतात. पण दोन पाळ्यांमध्ये सतत ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडत असेल, तीन महिने पाळी आलीच नसेल, किंवा इतका स्राव होत असेल की दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, तर तपासणी हवी. शारीरिक संबंध असतील तर सगळ्यात आधी प्रेग्नन्सी टेस्ट. हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. तुम्ही अठरा पूर्ण केलेली असाल तर तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर ही माहिती आई-वडिलांना किंवा रेक्टरना सांगू शकत नाहीत.

हालचाल

याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. बसच्या दोन थांब्यांइतकं अंतर रोज जाता-येता झपझप चाललात तरी त्यातलं बरंच होऊन जातं. पुण्यात असाल तर टेकड्या आहेतच; सकाळी उजेडात, दोघं-तिघं मिळून जा. म्हणजे सकाळचा उजेड, व्यायाम आणि सोबत, तिन्ही कामं एका फेरीत होतात.

मन

आमच्या वेळी हॉस्टेलवरून घरी आठवड्यातून एकदा एसटीडी बूथवरून फोन करायचो. रात्री उशिरा दर कमी व्हायचे, त्यामुळे तेव्हा रांग लागायची, आणि काचेच्या त्या खोक्यात उभं राहून प्रत्येक जण तेच सांगायचा: जेवण चांगलं आहे, अभ्यास चालू आहे, काळजी करू नका. आज फोन दिवसातून तीनदा होतो, व्हिडिओवर होतो, पण वाक्यं तीच आहेत. घरच्यांना त्रास नको म्हणून आपण खरं सांगत नाही.

घरापासून लांब आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी काय काय झेलावं लागतं, याची मोठ्यांना पुरती कल्पना नसते. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात पहिला येणारा मुलगा इथे इंग्रजीत चाललेल्या लेक्चरला बसतो आणि पहिल्याच चाचणीत नापास होतो. त्याला वाटतं, आपली हुशारी खोटीच होती. फी भरायला घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक चहाचे पैसे देतानाही अपराधी वाटतं. कुणाचं प्रेम तुटलेलं असतं, कुणाला जातीवरून टोमणे खावे लागतात, कुणाला राहणीवरून. या सगळ्याला वाईट वाटणं हा आजार नाही. परीक्षेआधी पोटात गोळा येणं, घरची आठवण येऊन रडू येणं, हे नॉर्मल आहे आणि ते बोलल्याने, झोपल्याने, वेळ गेल्याने कमी होतं.

मग आजार कधी समजायचा? उदास वाटणं, किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस न वाटणं, यापैकी एक तरी गोष्ट जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा जास्त टिकली आणि तिच्या जोडीला झोप-भूक बिघडली, थकवा आला, लक्ष लागेना, आपण निरुपयोगी आहोत असं वाटायला लागलं, रोजची कामं अडू लागली, तर तो डिप्रेशनचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. समुपदेशन आहे आणि गरज पडली तर औषधंही आहेत. ही औषधं झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. मात्र परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि ती मनाने अचानक बंद करायची नसतात. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी किंवा नको ते विचार वाढले तर लगेच आपल्या डॉक्टरांना कळवा, तरुणांमध्ये यावर लक्ष ठेवावं लागतं.

कुणाशी बोलायचं हे कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. कॉलेजात समुपदेशक असतील तर उत्तमच, पण जे कुणी तुमचं नीट ऐकून घेतं अशा एका सरांपासून किंवा मॅडमपासूनही सुरुवात होऊ शकते.

आता तुमच्या रूम पार्टनरबद्दल. तो जेवायला येईनासा झाला आहे, पांघरूण घेऊन पडून असतो, आपल्या वस्तू वाटून टाकतो आहे, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं हसत हसत म्हणतो आहे, तर त्याला सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का रे तुला?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यामुळे बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका. खोलीतल्या गोळ्या, कीटकनाशक, धारदार वस्तू बाजूला करा. रेक्टरना, घरच्यांना कळवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्या. तातडीची वेळ असेल तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. "कुणाला सांगू नकोस" असं वचन त्याने मागितलं असेल तर ते मोडा. तो चार दिवस तुमच्यावर चिडेल, हे चालेल. पोलीस केस होईल या भीतीनेही थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात असा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असं मानूनच पुढे जायचं आणि तिला शिक्षा न करता उपचार द्यायचे, असं म्हटलेलं आहे.

दिवस नीट असूनही त्रास होत असेल तर

झोप, जेवण सुधारा असं सांगताना एक धोका असतो, की खरा आजार त्याखाली झाकला जातो. म्हणून काही गोष्टी डोक्यात ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे टीबीची तपासणी हवी. एका खोलीत चौघं राहत असाल तर चौघांसाठी हवी. सरकारी केंद्रात ती मोफत होते. कारण नसताना वजन कमी होणं, रात्री घाम येणं, शौचावाटे रक्त, झोपेतून जाग आणणारी डोकेदुखी आणि उलटी, या तक्रारी घेऊन थांबायचं नाही. रोजच्या साध्या डोकेदुखीत आधी चष्म्याचा नंबर तपासा. गेल्या वर्षी माझ्याकडे "मायग्रेन" घेऊन आलेल्या किती तरी मुलांना शेवटी चष्माच लागला होता.

पावसाळ्यात हॉस्टेलवर डेंग्यू येतोच. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासा. तोवर फक्त पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन असलेली अंगदुखीची गोळी घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि असा मोठा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागतात. मुली रडत येतात. ताप आलेला त्या विसरलेल्या असतात. हे केस परत येतात, फक्त सहा महिने धीर धरावा लागतो. महागडं तेल लागत नाही.

डॉक्टरांकडे येताना

इंटरनेटवरची लक्षणांची यादी आणण्यापेक्षा वहीचं एक पान आणा. त्यावर मागचे तीन दिवस लिहा: किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, प्रत्येक वेळी काय खाल्लंत, चहा किती, सिगारेट किती (लिहा, मी ओरडणार नाही), किती चाललात, आणि दिवसभरात कुणाशी पाच मिनिटं तरी कामाव्यतिरिक्त बोललात. मुलींनी शेवटच्या पाळीची तारीख लिहा. आधी घेतलेल्या औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप फेकून देऊ नका, त्याही सोबत आणा.

पान लिहितानाच बऱ्याच जणांना आपली गडबड सापडते. एका मुलीने तिसऱ्या दिवसाच्या शेवटच्या ओळीपुढे नुसतं "कुणाशीच नाही" असं लिहिलं होतं. आम्ही त्या दिवशी तिच्या केसांबद्दल शेवटी बोललो.